जॉर्ज सायमन ओहम : एका शाळामास्तराचें चरित्र

विद्यार्थिमित्रहो, पदार्थविज्ञानाच्या तासाला ओहमचा नियम आपण सर्वांनीं पाठ केलेला आहे. विद्युत्प्रवाह हा दाबाच्या सम प्रमाणांत व रोधाच्या व्यस्त प्रमाणांत असतो, एवढें लिहिलें कीं परीक्षेचे गुण पदरांत पडतात. परंतु ज्याच्या नांवानें हा नियम ओळखला जातो तो पुरुष कोण, कोठचा, आणि त्यानें तो नियम कोणत्या परिस्थितींत शोधून काढला, याची चौकशी करण्याची फुरसत आपणांपैकीं थोड्यांनाच झाली असेल. खरें सांगावयाचें तर आम्हांसही पुष्कळ वर्षें ती झाली नव्हती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं शाळेच्या आवारांत एक लहानशी गोष्ट घडली, आणि त्या दिवसापासून या थोर पुरुषाचें चरित्र आमच्या मनांत घोळूं लागलें. ती गोष्ट प्रथम सांगून मग चरित्राकडे वळतों.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं एक जुनी व्हॅन विकत घेऊन तिचें फिरतें घर बनविलें आहे. तींत निजण्याच्या फळ्या, लहानसा फ्रिज, पंखा व दिवे, अशी सर्व सोय आहे. या सर्वांस वीज पुरवावी म्हणून एंजिनाच्या नेहमींच्या बॅटरीखेरीज गाडीच्या मागच्या भागांत एक दुसरी बॅटरी बसविलेली आहे. तिला आपण घरची बॅटरी म्हणूं. गाडी चालत असतां एंजिनावरील अल्टरनेटरनें दोन्ही बॅटऱ्या चार्ज कराव्या, अशी योजना. परंतु व्हावयाचें असें कीं एंजिनाची बॅटरी सदैव भरलेली. घरची बॅटरी मात्र दिवसभर प्रवास करूनही रात्रीं जेवणें होतात न होतात तोंच मान टाकी. एका वर्षांत या गृहस्थांनीं दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या, आणि दोहोंची तीच गत झाली. दुकानदारानें आपणांस दोनदां फसविलें, अशी त्यांची पक्की समजूत झाली, व ते त्याच्याशीं भांडण्यास निघालेही होते. वाटेंत मुलानें हट्ट धरला कीं, भांडण्यापूर्वीं एकदां शाळेच्या प्रयोगशाळेंत बॅटरी दाखवावी. आणि अशा रीतीनें ती गाडी आमच्या दारांत आली. पुढें काय आढळलें तें लेखाच्या शेवटीं येईलच. तें नीट समजण्यास ओहमचें चरित्र आधीं ऐकिलें पाहिजे.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म ता. १६ मार्च १७८९ रोजीं जर्मनींतील एर्लांगेन या गांवीं झाला. त्याचे वडील कुलपें व किल्ल्या तयार करणारे कारागीर होते. आई एका शिंप्याची कन्या होती. या जोडप्यास सात अपत्यें झालीं, परंतु त्यांपैकीं जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन व एक बहीण, एवढींच तीन वांचलीं. जॉर्ज दहा वर्षांचा असतां आईचें छत्र हरपलें. वडिलांनीं शाळेचें तोंड फारसें पाहिलें नव्हतें. तथापि स्वतःच्या उद्योगानें त्यांनीं गणित, पदार्थविज्ञान, रसायन व तत्त्वज्ञान यांचा चांगला अभ्यास केला होता, आणि दिवसाचें काम आटोपलें म्हणजे ते मुलांस स्वतः शिकवीत. अशा रीतीनें ऐरण आणि पाटी यांच्या संगतींत या भावंडांचें बालपण गेलें. धातूवर हात कसा चालवावा, तार बेताची कशी ओढावी, कानस कोठें थांबवावी, हें जॉर्ज घरींच शिकला. पुढें हें शिक्षण त्याच्या किती उपयोगीं पडलें तें आपण पाहूंच.

अकराव्या वर्षीं जॉर्ज गांवच्या हायस्कुलांत जाऊं लागला. तेथें घोकंपट्टीवर भर असे, आणि शास्त्रीय विषय नांवालाच असत. घरच्या शिक्षणापुढें तें शिक्षण फिकें होतें. एर्लांगेन विद्यापीठांतील गणिताचे अध्यापक लांग्सडोर्फ यांनीं जॉर्ज पंधरा वर्षांचा असतां त्याची परीक्षा घेतली, आणि या दोघां ओहमबंधूंची तुलना त्यांनीं गणितशास्त्रांत अजरामर झालेल्या बर्नुली घराण्याशीं केली. धाकटा मार्टिन पुढें खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला.

इतकी स्तुति झाली म्हणजे डोकें ताळ्यावर राहणें कठीण. सन १८०५ सालीं जॉर्ज विद्यापीठांत दाखल झाला, आणि अभ्यास बाजूस ठेवून नाच, बर्फावरील घसरगुंडी व बिलियर्ड यांत रमून गेला. वडिलांनीं पोटाला चिमटा घेऊन त्यास शिकावयास धाडलें होतें. आपणांस जी संधि मिळाली नाहीं ती मुलगा मातींत घालवीत आहे, हें पाहून त्यांच्या संतापास सीमा राहिली नाहीं. तीन सत्रें झाल्यावर जॉर्जला विद्यापीठ सोडावें लागलें, आणि १८०६ सालीं, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं, तो स्वित्झर्लंडमधील गॉटश्टाट येथील एका शाळेंत गणिताचा शिक्षक म्हणून गेला. थोर पुरुषांच्या चरित्रांत असला प्रसंग बहुधा गाळला जातो. आम्ही तो मुद्दाम देत आहों. कारण चूक ओळखून पुन्हां उभें राहण्याची विद्या ओहम येथेंच प्रथम शिकला, आणि त्याच्या पुढील यशाचें बीज या विद्येंत आहे, असें आमचें मत आहे.

परदेशांत शिक्षकाचें काम करीत असतां त्यानें ऑयलर, लाप्लास व लाक्रवा या गणित्यांचे ग्रंथ स्वतःच वाचून काढले. लांग्सडोर्फ यांचाच तसा सल्ला होता. सन १८११ सालीं तो एर्लांगेनला परतला, व त्याच वर्षीं ता. २५ ऑक्टोबर रोजीं त्यास डॉक्टरची पदवी मिळाली. विद्यापीठांत तो कांहीं काळ शिकवूं लागला. परंतु तेथील मिळकतींत पोट भरेना. तेव्हां १८१३ च्या आरंभीं बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेंत तो मास्तर झाला. ती शाळाही १८१६ त बंद पडली. या सर्व ओढाताणींत त्यानें भूमितीचें एक पाठ्यपुस्तक लिहिलें, व त्याची एक प्रत प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याजकडे पाठविली. पुस्तक पसंत पडलें, आणि १८१७ सालीं कोलोन शहरांतील जेझुइट हायस्कुलांत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याच्या जागेवर त्याची नेमणूक झाली. मूळ जेझुइट पाद्र्यांनीं चालविलेली ही शाळा विद्येविषयीं नांवाजलेली होती, आणि तेथें उपकरणांनीं सुसज्ज अशी प्रयोगशाळा होती. पुढें मोठा गणिती म्हणून गाजलेला डिरिक्ले हा याच शाळेंत ओहमच्या हाताखालीं शिकला.

आतां त्या काळीं विजेचें ज्ञान कोठवर आलें होतें तें पाहूं. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें १८०० सालीं जस्त व रुपें, किंवा जस्त व तांबें, यांच्या चकत्या आलटूनपालटून रचून, मध्यें खारट पाण्यांत भिजविलेल्या चकत्या घालून, पहिला विद्युद्घट जगापुढें मांडला होता. सन १८२० त डेन्मार्कच्या अर्स्टेडनें वीज वाहत असलेल्या तारेजवळ होकायंत्राची सुई फिरते, हें दाखविलें. परंतु कोणती तार किती वीज वाहूं देते, याचा हिशेब कोणासच ठाऊक नव्हता. प्रवाह, दाब आणि रोध या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही कल्पनाही स्पष्ट झालेली नव्हती. वाटेल त्यानें वाटेल ती तार जोडावी, आणि काम झालें नाहीं तर घटाच्या नांवानें बोटें मोडावीं, असा तो काळ होता.

ओहमनें हा हिशेब करण्याचें मनावर घेतलें. दिवसभर वर्ग घ्यावे, आणि उरलेल्या वेळांत प्रयोगशाळेंत बसावें, हा त्याचा क्रम झाला. निरनिराळ्या लांबीच्या तारा घटास जोडून सुई किती वळते तें तो टिपूं लागला. सन १८२५ सालीं त्यानें आपला पहिला निबंध छापून प्रसिद्ध केला, व त्यांत एक सूत्रही दिलें. तें सूत्र चुकीचें होतें.

चूक कशामुळें झाली? तारांमुळें नव्हे, तर घटामुळें. व्होल्टाचा घट जोडल्याबरोबर जोरांत असतो, आणि थोड्याच वेळांत त्याचा जोर ओसरूं लागतो. थोडा वेळ सोडून ठेविला तर तो पुन्हां सावरतो. तेव्हां पहिली तार जोडली असतां जो जोर होता तो दुसऱ्या तारेच्या वेळीं उरलेला नसे. सुई कमी वळली ती तार लांब म्हणून, कीं घट थकला म्हणून, हें ओळखण्यास मार्ग नव्हता. दोन गोष्टी एकदम बदलत असल्या म्हणजे परिणामाचें खापर कोणा एकीवर फोडतां येत नाहीं. ओहमनें तें घाईनें फोडलें होतें.

ही गोष्ट ध्यानांत आल्यावर त्यानें काय केलें, हें आमच्या मतें त्याच्या सबंध चरित्रांतील सर्वांत मोलाचें पान आहे. पस्तिशी उलटलेला, गरीब, बढतीची आशा धरून बसलेला एक शाळामास्तर. त्याचा पहिलाच निबंध छापून झालेला. गप्प बसावें, किंवा सूत्राला ठिगळ लावावें, असा मोह कोणासही झाला असता. ओहमनें पुन्हां पहिल्यापासून सुरुवात केली. जर्मनींतील एका प्रसिद्ध शास्त्रीय मासिकाचे संपादक पोगेंडोर्फ यांनीं त्यास सुचविलें कीं, घटाच्या ऐवजीं उष्णतेपासून मिळणारी वीज वापरून पाहावी. झेबेक या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं असें शोधून काढलें होतें कीं, दोन भिन्न धातूंचीं टोंकें जोडून एक सांधा गरम व दुसरा थंड ठेविला असतां वीज उत्पन्न होते. ओहमनें बिस्मथ व तांबें या धातूंचा जोड तयार केला. एक सांधा उकळत्या पाण्यांत ठेविला, दुसरा बर्फांत. उकळत्या पाण्याची व वितळत्या बर्फाची उष्णता ठरलेली. ती घटकाघटकास बदलत नाहीं. त्यामुळें त्या जोडापासून मिळणारी वीज फार थोडी असली तरी ती स्थिर असे. जोरदार पण चंचल असा घट त्यानें टाकला, आणि दुबळा पण विश्वासू असा जोड पत्करला.

मग त्यानें एकाच तांब्याच्या तारेचे सारख्या जाडीचे आठ तुकडे कापले. सर्वांत आंखूड तुकडा २ इंच, व सर्वांत लांब १३० इंच. चुंबकसूची धातूच्या पातळ पट्टीवर टांगून, ती वळली असतां पट्टीस पीळ देऊन तिला पूर्वस्थितीस आणावयाचें, आणि पीळ किती द्यावा लागला त्यावरून प्रवाह मोजावयाचा, अशी नाजूक योजना त्यानें केली. कुलपें करणाऱ्या बापाच्या हाताखालीं लागलेलें वळण येथें कामास आलें. सन १८२६ च्या आरंभीं त्यानें आठही तारा पुनःपुन्हां तपासल्या, आणि त्याच वर्षीं नवें सूत्र प्रसिद्ध केलें. त्याचा अर्थ असा कीं, घटाच्या किंवा जोडाच्या जोरास, तारेची लांबी अधिक मंडळाच्या उरलेल्या भागाचा रोध, या बेरजेनें भागिलें असतां प्रवाह मिळतो. विद्यार्थ्यांनीं या बेरजेकडे नीट लक्ष द्यावें. रोध नुसत्या डोळ्यांसमोरच्या तारेंतच नसतो. तो घटाच्या पोटांत असतो, सांध्यांत असतो, स्क्रूच्या खालीं असतो. प्रवाहाला या सर्वांची पट्टी भरावी लागते.

हें काम पुरें करून ग्रंथ लिहावा म्हणून ओहमनें शाळेंतून एक वर्षाची अर्ध्या पगाराची रजा घेतली, व तो बर्लिनला भाऊ मार्टिन याजकडे गेला. विद्युन्मंडळाचें गणिती विवेचन करणारा त्याचा प्रख्यात ग्रंथ १८२७ सालीं बर्लिन येथें प्रसिद्ध झाला. फूरिये या फ्रेंच गणित्यानें १८२२ सालीं उष्णता धातूंतून कशी वाहते याचें गणित मांडलें होतें. ओहमनें तोच मार्ग विजेस लावला. या ग्रंथाच्या जोरावर विद्यापीठांत जागा मिळेल, अशी त्यास आशा होती. परंतु प्रयोग करणाऱ्यांस त्यांतील गणित झेपलें नाहीं. आणि निसर्गाचें सत्य मोजमापापेक्षां केवळ चिंतनानें अधिक कळतें, असें मानणारा जो पंडितांचा वर्ग त्या वेळीं जर्मनींत प्रबळ होता, त्यास मोजमापच रुचलें नाहीं. एका पंडितानें तर या ग्रंथावर कडक टीका केली. जागा मिळाली नाहीं. दुखावलेल्या मनानें ओहमनें १८२८ सालीं कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला, आणि पुढील कांहीं वर्षें तो बर्लिनमध्यें लष्करी शाळेंत आठवड्याचे थोडे तास शिकवून कसाबसा दिवस काढीत राहिला.

सन १८३३ सालीं न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निक शाळेंत त्यास प्राध्यापकाची जागा मिळाली. तोंपर्यंत त्याचा नियम हळूहळू देशोदेशीं तपासला जाऊं लागला होता. फ्रान्समध्यें पुइये याच्या प्रयोगांनीं त्यास दुजोरा मिळाला, व रशियांत लेंत्स यानें तो आपल्या कामांत वापरला. शेवटीं १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें ओहमला आपलें मानाचें कोप्ली पदक दिलें, व दुसऱ्या वर्षीं त्यास आपला परदेशीय सभासद करून घेतलें. ग्रंथ प्रसिद्ध होऊन १४ वर्षें लोटल्यावर परक्या देशानें हा गौरव केला! सन १८४९ त त्यास म्युनिकला बोलावण्यांत आलें, आणि १८५२ सालीं तेथील विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें आसन त्यास मिळालें. ज्या मानाची वाट त्यानें तारुण्यापासून पाहिली, तो मान त्रेसष्टाव्या वर्षीं हातीं आला; आणि दोनच वर्षांनीं, ता. ६ जुलै १८५४ रोजीं, म्युनिक येथेंच त्याचा अंत झाला. त्यानें लग्न केलें नाहीं. त्याचें नांव चालविण्यास पुत्र नव्हता. परंतु १८८१ सालीं पॅरिसला भरलेल्या विद्युच्छास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें रोधाच्या एककास ओहम हें नांव कायम केलें. आज जगांत विजेचें असें एकही कारखान्याचें दार नाहीं, कीं ज्याच्या आंत त्याचें नांव दररोज घेतलें जात नाहीं.

ओहमच्या निधनानंतर पांच वर्षांनीं, म्हणजे १८५९ सालीं, फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें शिशाच्या पत्र्यांची, पुन्हां पुन्हां चार्ज करतां येणारी बॅटरी तयार केली. आपल्या मोटारींतील बॅटरी ही तिचीच वंशज होय. ओहमनें ती पाहिलीही नाहीं. परंतु ती बिघडली असतां काय करावें, हें त्याच्या चरित्रावरून पूर्णपणें कळतें. आतां आपण आपल्या फिरत्या घराकडे परत येऊं.

ओहमनें प्रथम आपल्या विजेच्या उगमाची परीक्षा केली. आम्हींही तेंच केलें. घरची बॅटरी गाडींतून काढून प्रयोगशाळेंत आणली. १०० अँपियर-तासांच्या त्या बॅटरीचा दाब १२.१ व्होल्ट भरला. चांगली भरलेली शिशाची बॅटरी कांहीं तास विसांवा दिल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास असते, १२.१ म्हणजे ती अर्ध्याहून अधिक रिकामी. परंतु रिकामी बॅटरी व वाईट बॅटरी यांत फार अंतर आहे. रिकामा हंडा फुटका असतोच असें नाहीं. आम्हीं ती शाळेच्या चार्जरवर पुरी चार्ज केली, विसांवा दिला, व मोटारीचा एक मोठा दिवा तीवर सहा तास जाळला. पुन्हां विसांवा देऊन मोजलें, तों दाब १२.४ च्या खालीं गेलेला नव्हता. बॅटरी निर्दोष होती. ज्या दुकानदाराशीं भांडण होणार होतें त्याचा यांत कांहीं अपराध नव्हता.

मग ती बॅटरी फ्रिज व दिवे लावून बरीचशी रिकामी केली, गाडींत पूर्ववत् जोडली, व एंजिन चालू केलें. एंजिनाच्या बॅटरीच्या टर्मिनलांवर १४.२ व्होल्ट दाब होता. म्हणजे अल्टरनेटर आपलें काम चोख करीत होता. घरच्या बॅटरीवर मात्र १३.१ व्होल्टच पोंचत होते. मधले १.१ व्होल्ट वाटेंत कोठें तरी गळत होते! तेव्हां मल्टिमीटरची एक सळई एंजिनाच्या बॅटरीच्या धन टर्मिनलावर, व दुसरी घरच्या बॅटरीच्या धन टर्मिनलावर ठेविली. ०.५ व्होल्ट. तसेंच ऋण बाजूस केलें. ०.६ व्होल्ट. दोहोंची बेरीज बरोबर १.१. मुलांनीं टाळ्या पिटल्या, आणि त्या पिटण्यासारख्याच होत्या. कारण चोर कोणत्या दोन घरांत दडला आहे हें कळून चुकलें होतें.

प्रवाह मोजला तो १० अँपियर. दाबास प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध मिळतो. धन बाजूचा रोध ०.०५ ओहम, ऋण बाजूचा ०.०६. धन बाजूची तार ७ मीटर लांब व अवघी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची होती. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची १ मीटर तार सुमारें ०.०१७ ओहम रोध करते. तिला सातानें गुणून अडीचानें भागावें. उत्तर जवळजवळ ०.०५ येतें. म्हणजे तार कोठें तुटली नव्हती, कीं सांधाही सुटला नव्हता; ती फक्त बारीक होती. ऋण बाजूस निराळी तार नव्हतीच. बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या पत्र्यास बोल्टानें जोडलें होतें. बोल्ट सोडून पाहतों तों खालीं रंगाचा थर तसाच, व कडेनें गंज चढलेला!

बॅटऱ्या वर्षांत दोनदां कां मेल्या, हेंही यावरूनच उलगडलें. शिशाची बॅटरी सदा अर्धपोटीं ठेविली म्हणजे तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरूं लागतात, आणि मग ती पुरी चार्ज होण्यास कायमचीच असमर्थ होते. पहिल्या दोन बॅटऱ्या वाईट नव्हत्या. त्या उपाशी मेल्या. ही तिसरी वेळेवर सांपडली.

येथें एक क्षण असा आला कीं तो आम्ही कधीं विसरणार नाहीं. मुलाचे वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग सर्व मुलांसमक्ष ते म्हणाले कीं, गॅरेजवाल्यानें जाड तार सुचविली होती, पण खर्च वांचावा म्हणून बारीक तार आपणच आणून दिली. आणि बोल्टही सुटीच्या दिवशीं आपणच बसविला. असें कबूल करावयास त्यांस कोणी भाग पाडलें नव्हतें. शेजारीं उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर लाज मुळींच नव्हती; उलट वडिलांविषयीं अभिमान दिसत होता. आपला छापलेला निबंध चुकला असें जगास सांगणारा कोलोनचा तो शाळामास्तर त्या क्षणीं आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

दुसऱ्या आठवड्यांत २५ चौरस मिलिमीटरची तार घातली गेली, बॅटरीजवळ योग्य मापाचा फ्यूज बसविला, व बोल्टाखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घांसला. आतां दोन्ही बाजू मिळून घट ०.२ व्होल्ट आहे, आणि घरच्या बॅटरीवर १४.० व्होल्ट पोंचतात. दुकानदाराकडे ते गृहस्थ गेले, पण भांडण्यास नव्हे.

पालकांसाठीं दोन सूचना जोडणें आवश्यक वाटतें. आजच्या कांहीं नव्या गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं अल्टरनेटरचा दाब आपोआप कमी होतो. अशा गाडींत तार जाड असूनही घरची बॅटरी उपाशी राहते, व दाब वाढवून देणारा निराळा चार्जर मध्यें बसवावा लागतो. तोही दोष मोजमापानेंच उघड होतो. दुसरें असें कीं, चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, व तो ठिणगीनें भडकतो. यास्तव मुलांनीं हें काम मोठ्यांच्या देखरेखीवांचून करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, ओहमचा नियम तुम्हीं पाठ केलाच आहे. आतां ओहमची रीतही ध्यानांत ठेवा. संसारांत कांहीं बिघडलें म्हणजे समोर दिसेल त्याच्या माथीं दोष मारण्याची आपणां सर्वांस संवय असते. उगमापासून शेवटापर्यंत एकेक भाग वेगळा करून मोजावा. जो निर्दोष ठरेल त्यास सोडून द्यावें. आणि मोजतां मोजतां बोट आपल्याच हातांपाशीं येऊन थांबलें, तर तें तेथून हलवूं नये. हें जो करील त्याची बॅटरी तर चार्ज होईलच, पण त्याच्या हातून निरपराध मनुष्यावर अन्यायही होणार नाहीं.